अंगणातला कालवा

नंदनवन, नागपूर
१५ मे १९७८

प्रिय वच्छला,

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आल्यावर भांडी आपटणार नाहीस. आपलं अंगण आता राहिलेलं नाही, तिथं तुझं माहेर वसलं आहे. गावाला विचारूनच कालवा आखायचा, असं मीच ऑफिसात शहाणपणानं बोलून बसलो होतो ना! मागच्या रविवारी तुझ्या गावची मंडळी आली, मी नकाशा पसरला, तर धोंडबा त्यावरच पान लावायला बसला. म्हणाला, "जावईबापू, कागद काई समजत नाई गा. मातीत दाखवा."

मग काय विचारतेस! काल प्रत्येकजण आपापल्या वावराची माती गाठोड्यात बांधून हजर. तुझी मोठी परात तलाव झाली. मामाजींनी अर्धा कढीलिंब ओरबाडून आपली संत्र्याची बाग लावली, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून शेजारी पाट टाकून राखणीला बसले. पहिला तांब्या मी ओतला, तेव्हा सगळ्यात आधी ओलिताखाली आल्या त्या तुझ्या नव्या चपला. अख्खं गाव खो खो हसलं.

मग नकाशाप्रमाणे, बागेला वळसा घालून कालवा कोरला. पाणी सोडलं. सगळी वावरं भिजली, आणि टोकाला लहानूच्या दोन एकरांच्या वीतभर अलीकडे पाणी थांबलं. मला वाटलं, आता शिव्या खातो. तर लहानूच ओशाळला. "जावईबापूची रेघ काहून चुकन? माह्यंच वावर उंच झालं असन," म्हणाला, आणि आपलं शेत बोटांनी खरवडून खाली करत बसला. मला बघवेना गं.

वच्छी, त्याचं शेत बरोबरच होतं. मूळ रेघ बागेतूनच जात होती. तू बाबांच्या बागेसाठी रडलीस म्हणून मी ती वळवली, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. आज मी ती पुन्हा सरळ ओढली आहे. पुढच्या सोमवारी नकाशा साहेबांकडे जाईल. मामाजींच्या तोंडावर हे सांगायची माझी छाती नाही, म्हणून हे पत्र. शुक्रवारी त्यांना घेऊन ये. मातीचं गाव तसंच ठेवलंय, फक्त कालवा सरळ कोरलाय; बागेतल्या कढीलिंबाच्या डहाळ्या तेवढ्या माझ्याच्यानं उपटवत नाहीत. पाणी तू ओत. लहानूचं शेत भिजलेलं बघ, आणि मग माझ्याशी हवं तेवढं भांड.

तुझाच (आणि तुझ्या गावचाही जावई),
मधुकर