नारळ आधी, झावळी नंतर

११ जुलै
फोनपुढे बोललं की तो आपला आपण लिहून घेतो, असं नंदूने दाखवलं. बरं झालं. मला अक्षर येत नाही म्हणून आजवर काही अडलं नाही, पण डोक्यात फार साठलंय, कुठेतरी उतरवायला हवं. हे कुणीही वाचायचं नाही. मीसुद्धा नाही. ती सोय आपोआपच आहे.

आजची बातमी. नंदूला, म्हणजे माझ्या नातीला, नववीच्या फिजिक्सच्या टेस्टमध्ये वीसपैकी चार. दोष लिसी टीचरचा. प्रश्न होता, जड वस्तू आणि हलकी वस्तू उंचावरून एकाच वेळी सोडल्या तर आधी कोण पोचेल. पोरीने मला विचारून लिहिलं, जड. टीचरने लाल रेघ मारली. म्हणे दोन्ही एकदम पोचतात!

लग्न होऊन आले तेव्हापासून या माडांखाली राहते मी. नारळ येतो तो धप्पकन. झावळी येते नवरीसारखी, मुरडत, दर पावलाला थांबत. टीचर राहतात आलप्पुळ्यात फ्लॅटमध्ये. त्यांच्या डोक्यावर काय पडणार? वरच्या मजल्यावरचे कपडे.

ठराव : उद्या शाळेत जाणे. टीचरला समजावणे. विषय संपवणे.

१२ जुलै
गेले नाही. पाऊस.

१५ जुलै
प्रसन्नाचा फोन, मस्कतहून. प्रसन्ना माझी लेक, नंदूची आई, तिकडे नर्स. म्हणाली, अम्मे, ओणमच्या परीक्षेत फिजिक्स गेलं तर मी सुट्टीवर आले की नंदूला कोट्टयमच्या हॉस्टेलवर टाकणार. तुझ्याजवळ राहून ती अगदी तुझ्यासारखी व्हायला लागलीय. मी म्हटलं, मग यात तक्रार कुठली? फोन कट. रेंज गेली असणार.

हॉस्टेल म्हणजे पातळ सांबार आणि घंटेवर झोप. नंदू तिसरीपासून माझ्याकडे आहे. ती गेली तर घरात मी आणि भिंतीवरची पाल. पाल उलटून बोलतसुद्धा नाही.

काळजीचं कारण नाही. मी आहे ना.

१६ जुलै
टीचर नंदूला म्हणाल्या, पटत नसेल तर नुसतं पाठ करून लिही, मार्क मिळतील. नंदूने सांगितलं, पटल्याशिवाय मी लिहिणार नाही, अम्मम्माने असं शिकवलंय. ऐकून छाती फुगली. दोन वाट्या पायसम जास्त केलं.

१९ जुलै
शाळेत जाऊन आले. टीचर म्हणजे चिमणीएवढी बाई, पण चहा चांगला पाजला. म्हणाल्या, पारुक्कुट्टी अम्मा, पृथ्वी प्रत्येक वस्तूला ओढते. मी म्हटलं, मग जडला जास्तच ओढत असेल. त्या म्हणाल्या, ओढतेच. पण जड वस्तू हलवायलाही जास्त जोर लागतो ना! मोठ्या होडीला वल्हवणारे जास्त, लहान होडीला कमी, दोन्ही होड्या काठाला एकदम लागतात, तसं. मी म्हटलं, टीचर, आमच्या गावची मोठी होडी शर्यतीत कधीच पहिली आलेली नाही. शिपायाला हसू फुटलं.

मग त्यांनी स्टीलच्या ताटलीवर फणसाचं पान ठेवलं आणि ताटली सोडून दिली. दोन्ही एकदम खाली. म्हणाल्या, बघा, पानाला एरवी हवा अडवते. ताटलीने हवा बाजूला सारली की पानही तितक्याच वेगाने पडतं. मी म्हटलं, ते पान ताटलीत बसून आलं. मी बसमध्ये बसून आले म्हणजे मी बसच्या वेगाने पळते असं होतं का?

टीचरने ताटली उचलून कपाटात ठेवली. म्हणजे हरल्या. नंदू टाळ्या वाजवत होती.

रात्री जेवताना मनात आलं, ताटलीला पान काही कुणी बांधलेलं नव्हतं. उगीच आलं. लगेच घालवलं.

२७ जुलै
कर्किडकम महिना. पाऊस, औषधी कांजी आणि साराम्मा. तिघांपासून सुटका नाही.

साराम्मा शेजारीण. आधी चर्चची, मग स्वतःची, मग सगळ्या गावाची बढाई. गॅस आधी तिच्याकडे, रंगीत टीव्ही आधी तिच्याकडे, नातू कॅनडाला आधी तिचा. वजनातही तीच पुढे. मी दोनदा जन्मले तरी तिची बरोबरी व्हायची नाही. नंदूने तिला सांगितलं, साराम्मा आजी, चंद्रावर तुमचं वजन सहावा हिस्सा भरेल. साराम्माने विचारलं, गुडघे दुखायचे थांबतील का? मी म्हटलं, जा तू, आधी तूच जा.

मी तिला जड ते आधी हा नियम नीट समजावून सांगितला. तिला फार आवडला. साहजिक आहे.

४ ऑगस्ट
उघडीप. नारळ पाडणारी ओमना आली. हल्ली बायकाच चढतात, पायांत ते लोखंडी यंत्र अडकवून. म्हटलं, टीचरला कायमचा पुरावा देऊन टाकू.

पुरावा असा. एक भरलेला नारळ आणि एक उंदराने पोखरलेला. इकडचे उंदीर माडावरच घर करतात, आतलं खोबरं साफ, वर करवंटी आणि काथ्या तसाच. दिसायला जुळे भाऊ. एक हातात घेतला तर खांदा उतरतो, दुसरा भोपळ्यासारखा हलका. ओमनाला म्हटलं, दोन हातांत दोन धर आणि एकदम सोड. खाली नंदू, मी, साराम्मा.

धप्प.

एकच.

मी वर ओरडले, अगं नीट सोड! ओमना म्हणाली, अम्मा, सोडायला काय नीट आणि वाकडं? पुन्हा सोडले. पुन्हा एक धप्प. ओमना म्हणाली, अजून किती पाडू? तिकडे जोसेफच्या वाडीत माझी वाट बघताहेत.

नंदू माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पोखरलेल्या नारळात उंदीर बसलेला असणार. त्याचं वजन धरलं तर बरोबरी झाली.

नंदू म्हणाली, हो अम्मम्मा, असेलच. उंदीर.

साराम्मा म्हणाली, मग तो पळाला कुठे? साराम्माला मधे बोलायची सवयच आहे.

७ ऑगस्ट
काल शाळेत पुन्हा छोटी टेस्ट झाली. नंदूने उंदराचं कारण लिहिलं. आकृतीसकट. शेपूटही काढलं. शून्य.

मला म्हणाली, टीचरना काय कळतंय, अम्मम्मा? तुझं म्हणणं मला पटतं.

आधी बरं वाटलं. नंतर कांजी तशीच झाकून ठेवली.

१० ऑगस्ट
प्रसन्नाने हॉस्टेलचा फोटो पाठवला. पलंगाला पलंग लागलेले. खिडकीला जाळी. बाहेर एक माड नाही.

१४ ऑगस्ट
आता एक युक्ती करायची. नंदूला म्हटलं, टीचरचं मन राखायला, दोन्ही एकदम पोचतात, एवढं लिहून टाक. कागदच तो. ती म्हणाली, खोटं लिहू? तूच म्हणतेस, खोटं बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं चिकटून राहतं, म्हणून तर तू लिहायला शिकली नाहीस. असं मी कधी म्हटलं होतं? म्हटलं असेन. मी बरंच काही म्हणते.

मग म्हणाली, तू सांग ना. तू स्वतः सांगितलंस की एकदम पडतात, तर मी लगेच लिहीन.

मी म्हटलं, माशांना हळद लावायची राहिलीय. उठले.

मी चुकले असते तर तेव्हाच सांगितलं असतं. मला त्यात कमीपणा नाही. चुकलेच नाही तर सांगू काय? सगळं गाव ऐकून आहे, रेशनच्या रांगेपासून बोट लागते त्या धक्क्यापर्यंत. आता तोंड उघडलं की पारुक्कुट्टी उलटली म्हणतील. मिटलं तर पोर जाते. फोना, यातून वाट असेल तर तूच लिही.

नाही लिहिली.

१७ ऑगस्ट
नवी युक्ती. ओमनाला परत बोलावलं. म्हटलं, या खेपेला नंदूला आपलं आपण दिसू दे, मी गप्प बसेन. पोखरलेला नारळ आधी हलवून दाखवला, उंदीर नाही, किडा नाही. सोडले. एकच धप्प. मी नंदूला विचारलं, काय दिसलं?

पोरगी म्हणाली, अम्मम्मा, ओमनाताई डावखुरी आहे. डाव्या हातातला हलका आधी सुटला असेल, नाही?

असलं उत्तर मला दहा वर्षं सुचलं नसतं. खरोखर माझीच नात. डोक्याला हात लावून बसले.

२१ ऑगस्ट
हॉस्टेलची पेटी दुरुस्तीला द्यायची का, असं प्रसन्नाने फोनवर विचारलं. मी म्हटलं, कसली पेटी? फिजिक्सचा पेपर पंचवीसला आहे. तयारी उत्तम चालली आहे.

ठराव : उद्या नंदूला सांगणे. दाराआड, हळू, एकदाच.

२२ ऑगस्ट
सांगायला गेले तर ती झोपली होती. दुपारी साराम्मा आली होती. संध्याकाळी माझा घसा बसला होता. उद्या.

२४ ऑगस्ट, पलंगावरून, पालथी पडून
जे झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे नंतर कुणी तिखटमीठ लावायला नको.

आज ओणमचा पहिला दिवस, अत्तम. अंगणात फुलांची रांगोळी, आंब्याला झोका. साराम्मा म्हणाली, आधी मी बसणार. मी म्हटलं, अंगण माझं, आंबा माझा. शेवटी एकाच फांदीला दोन झोके बांधले, म्हणजे आधी-नंतर नकोच. नंदू म्हणाली, अम्मम्मा, फांदी जुनी आहे, दोघींचं वजन एकदम नको. मी म्हटलं, या फांदीवर माझ्या आजेसासूने झोके घेतलेत. ती म्हणाली, एका वेळी एकच आजेसासू बसत असेल.

बसलो. गावातल्या बायका गाणं म्हणायला लागल्या. दोन झोके झाले असतील नसतील, फांदी कडाडली. मग जमीन.

पाठीच्या कण्याच्या शेंड्यातून एक वीज गेली. डोळे उघडले तर शेजारी साराम्मा, पाय पसरून, केसांत आंब्याची पानं. मला वाटलं, आता देवाचं नाव घेईल. तिने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, मी आधी पोचले! बघा, पारुक्कुट्टी म्हणते तेच खरं, जड ते आधी! मी आधी!

जमिनीवर पडायलासुद्धा ही माझ्या आधी?

मी ओरडले, खोटं! साफ खोटं! दोघी एकदम आपटलो! एकच आवाज झाला!

साराम्मा म्हणाली, कसं शक्य आहे, मी तुझ्या दुप्पट आहे. मी म्हटलं, दुप्पट अस नाहीतर चौपट! वजनाचा काय संबंध? ती म्हणाली, मग झावळी का गं उशिरा येते? मी म्हटलं, झावळीला हवा अडवते, अडाणी बाई! तुझ्यामाझ्यासारख्या धोंड्यांना हवा काय अडवणार?

गाणं केव्हाच थांबलं होतं.

नंदू माझ्यापाशी गुडघे टेकून बसली. म्हणाली, अम्मम्मा, नक्की? एकदम? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग अंगणाकडे. सगळं गाव उभं होतं. धक्क्यावरचा होडीवालासुद्धा आला होता. साराम्मा माझ्या उत्तराची वाट बघत होती, ओठ दाबून.

मी म्हटलं, एकदम.

नंदू म्हणाली, शपथ? मी म्हटलं, शपथ. आता मला उचला.

पडले ते मी मुद्दाम. शिकवायचं तर करून दाखवलं पाहिजे. हे आठवणीने नोंदवून ठेव, फोना.

१६ सप्टेंबर
नंदू पास. पन्नासपैकी एकतीस. लिसी टीचरने तिचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं म्हणे : "माझी अम्मम्मा चाळीस किलो, शेजारच्या साराम्मा आजी ब्याऐंशी किलो. फांदी मोडल्यावर दोघी एकाच वेळी जमिनीवर पोचल्या." चौतीस पोरांना माझं वजन ठाऊक झालं. शिपायाने मुद्दाम घरी येऊन चौकशी केली. हसत नव्हता, असं तो म्हणाला.

हॉस्टेलची पेटी माळ्यावर परत गेली. सुट्टीवर आलेली प्रसन्ना म्हणाली, अम्मे, नंदू राहू दे तुझ्यापाशी, तुला उठवायला बसवायला कुणीतरी हवंच. मी म्हटलं, बघ, माझा बेत असाच होता. तिने फुगवलेली रबरी चकती माझ्या खाली सरकवली. महिनाभर तिच्यावरच बसायचं. अंगणातही जायचं नाही.

साराम्मा रोज येते. तिला काही लागलं नाही. भोवती गादी होतीच. गावभर सांगत फिरते की पारुक्कुट्टी आणि मी आता बरोबरीच्या. जन्मभर मी जिला वरचढ होऊ दिलं नाही, तिच्या शेजारी फिजिक्सने मला आणून बसवलं. तेही चकतीवर.

नंदू पुढचा धडा घेऊन बसली. पाण्यात काय तरंगतं नि काय बुडतं. मला म्हणाली, अम्मम्मा, तुला काय वाटतं? मी म्हटलं, यात वाटायचं काय? जड ते बुडतं. सगळ्या जगाला ठाऊक आहे.

नंदू खिडकीबाहेर बघत होती. कालव्यातून भाताची पोती गच्च भरलेली होडी सावकाश चालली होती.

मी म्हटलं, ती खिडकी लाव. वारा लागतो मला.