त्रेपन्न नंबरची पवनचक्की

प्रिय ताई,

मावसभावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच केला आहे, तू आडवा समजून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की भावोजीच त्याला सरावले? आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे. मी ठीक आहे असं हिला वाटत नाही; कारण पुढे येईलच.

तुला ठाऊक आहे, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालो आणि मग समुद्राकडे वळलो. इंटरनेटवरच्या सार्वजनिक ज्ञानकोशात समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पांची एक यादी आहे. प्रकल्प कुठला, किनाऱ्यापासून किती दूर, चक्क्या किती, सुरू कधी झाला. ती कुणीही वाचू शकतो आणि (इथेच घात आहे) कुणीही बदलू शकतो. म्हणून गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी चहाबरोबर ती तपासतो. ज्याची नुसती घोषणा झाली आहे अशा प्रकल्पाला कुणीतरी उत्साहाने ‘सुरू’ म्हणतो, मी ते खोडतो. बंद पडलेल्याला कुणी चालू ठेवतो, मी बंद करतो. (ही म्हणते, इतक्या बारकाईने दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचली असती तर चहा तरी नासला नसता.)

मागच्या महिन्यात आमच्या बंदरातला एक होडीवाला दारात उभा राहिला. चप्पल बाहेर, टोपी हातात, पण आवाज वर. म्हणाला, “यादी तुम्ही सांभाळता ना? मग ती पवनचक्की तरी उभी करा, नाहीतर पुसून टाका.” आत बसवून, पाणी देऊन विचारलं तेव्हा कळलं ते असं. आमच्या समोरच्या समुद्रातल्या प्रकल्पात चक्क्या बहात्तर, असं यादी म्हणते. ते वाचून बंदर कचेरीतल्या कारकुनाने भिंतीवरच्या नकाशात बहात्तर ठिपके काढले. प्रत्येक ठिपक्याभोवती अर्धा किलोमीटर जाळं टाकायला बंदी. पण त्रेपन्न नंबरच्या ठिपक्यावर चक्कीच नाही! तिथे तळाला खडक लागला, खांब उतरेना, कंपनीने नाद सोडला. आणि जिथे खडक तिथे मासळी. आठ वर्षं हा माणूस मोकळ्या पाण्याला वळसा घालून रिकाम्या जाळ्यांनी घरी येतोय. कचेरीत गेला की उत्तर एकच, आधी यादी बदलून आणा.

ताई, माझं रक्त उसळलं. तिथल्या तिथे मी बहात्तर खोडून एकाहत्तर केले. दहा मिनिटांत पुन्हा बहात्तर! हे करणारा गृहस्थ कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. मी त्याला डोंगळा म्हणतो. कमरेत तुटेल पण सोडणार नाही. त्याने शेरा मारला होता, छापील आधार द्या. मी कळवलं, होडीवाल्याला विचारा. त्याचं उत्तर, होडीवाला छापील नाही. तीनदा मी खोडलं, तीनदा त्याने परत लिहिलं आणि वर ताकीद आली: यापुढे आधाराशिवाय हा आकडा बदलला तर यादीला हात लावू देणार नाही. अकरा वर्षांची माझी यादी, आणि मलाच दाराबाहेर!

तेव्हा हट्टाला पेटलो आणि होडीत बसलो. (हिने सोबत लिंबू दिलं आणि तोंड फिरवलं.) प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला आहे, त्यामुळे मोजायला सोपं, असं किनाऱ्यावरून वाटतं. अडतिसाव्या खांबाला सकाळचं खाल्लेलं सगळं समुद्राला परत केलं आणि मोजणी चुकली. पुन्हा एकपासून सुरुवात. होडीवाल्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही. माझी मान धरली, तोंडावर पाणी मारलं, होडी वळवली. बावन्ननंतर थेट चोपन्न. मध्ये नुसतं पाणी, आणि त्यावर घिरट्या घालणारे पक्षी. एकूण एकाहत्तर! शिवाय खांबांवर उभं एक चौकोनी खोकं आहे, विजेचं उपकेंद्र, त्याला पाती नाहीत. होडीवाला म्हणाला, “भांडण मिटत असेल तर याला धरा चक्की, पण माझा खडक सोडा.” मी म्हटलं, तसं खोटं लिहायला मी जन्मलो नाही.

घरी येऊन विजयाने डोंगळ्याला कळवलं, स्वतःच्या डोळ्यांनी मोजून आलोय. तो म्हणाला, नियमाप्रमाणे तुमचे डोळे चालत नाहीत. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात; इथे आरसा लागतोच, वर तो छापील लागतो. मग मी छापील शोधायला निघालो. वर्तमानपत्रात बहात्तर. शाळेच्या पुस्तकात बहात्तर. खुद्द कंपनीच्या दिनदर्शिकेवर बहात्तर! एकेकाला फोन केला, आकडा कुठून घेतला? सगळ्यांचं उत्तर एकच, तुमच्या यादीतून. कंपनीच्या जाहिरात विभागानेसुद्धा तेच सांगितलं. ज्याने कुणी पहिल्यांदा हा बहात्तर लिहिला त्या निष्काळजी माणसाला मी चार दिवस जेवताना शिव्या घालतोय. पण मी मागे हटणार नाही. मोजणी म्हणजे मोजणी.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
मोजणीदार

ता. क. तुझं बंदरांच्या बातम्यांचं पाक्षिक छापील आहे, हे मला काल भाजी निवडताना सुचलं. (भाजी त्याच्यावरच निवडत होतो; राग मानू नकोस.) त्यात एकाहत्तर असं छापून आलं तर डोंगळा मुकाट्याने मान्य करील. पण माझ्या सांगण्यावरून छापू नकोस, नाहीतर माझंच उष्टं फिरून माझ्या ताटात. तू स्वतः ये, स्वतः मोज, मग छाप. लिंबू आम्ही देऊ.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी म्हटलं, तो निष्काळजी माणूस शोधूनच काढू. यादीत जुने सगळे बदल नावानिशी राहतात. आठ वर्षांपूर्वी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आधार म्हणून तुझ्याच पाक्षिकातली बातमी जोडून, ‘बहात्तर’. बातमीत कंपनी इतक्या चक्क्या उभारणार आहे असं स्पष्ट म्हटलं होतं. उभ्या राहिल्यावर मोजायला कुणी गेलं नाही. नाव माझं आहे.

ता. क. तिसरा. होडीवाल्याला हे अजून सांगितलेलं नाही. आठ वर्षं त्याचा खडक मी अडवून ठेवला आणि त्यानेच माझी मान धरली. सांगणार आहे, आणि त्याच्याच होडीत, त्रेपन्न नंबरच्या मोकळ्या पाण्यावर सांगणार आहे. गुरुवारी ये. मोजायला ये असं वर लिहिलंय तेही खरंच आहे. पण तेव्हा शेजारी कुणीतरी आपलं बसलेलं असावं, म्हणून ये. आणि हो, मला पोहता येत नाही.