वरचा तुकडा सिवारच्या नावे

दयाघन, कृपाळू अल्लाहच्या नावाने.

मी मनूबिया, हादी बिन सालेम यांची मुलगी, दिवंगत तिजानी यांची विधवा, वय सत्तरीच्या पुढे, धंदा बागाईत, राहणार ऐन तुर्फा, प्रांत गाबेस, माझ्यामागे काय कुणाचे ते आज ठरवून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. कुणी धाक घातलेला नाही की गोड बोलून गळ घातलेली नाही. मी सांगते आहे आणि आमचे नोटरी सी लझहर लिहून घेत आहेत. मधूनच ते हात थांबवून म्हणतात, "लल्ला मनूबिया, हे लिहायची गरज नाही." गरज आहे. लिहा.

१. मला एकच अपत्य, मुलगा अनीस. माझ्या मालमत्तेचे तीनातले दोन भाग कायद्यानेच त्याचे आहेत. ते मी काढून घेऊ शकत नाही. तिसरा भाग मात्र वारस नसलेल्या कुणालाही देण्याचा मला हक्क आहे, आणि तो मी वापरते आहे.

२. राहते घर, अंगणातली चूल आणि शेळ्यांचा गोठा अनीसला. शेळ्या नाहीत. गेल्या ईदनंतर मी त्या आमच्या खजुरीवर चढणाऱ्या हम्माला दिल्या, कारण तो त्यांना नावाने हाक मारतो.

३. कालव्याकडची बाग, खालचे दोन तुकडे, खजुरीच्या झाडांसह, अनीसला. ही बाग माझ्या वडिलांची. खजुरीच्या सावलीत डाळिंब, डाळिंबाच्या सावलीत भाजी, अशी ती त्यांनी लावली आणि मी राखली. हिवाळ्यात बाकल्याच्या शेंगा आणि पालक, वसंतात नर खजुरीचा फुलोरा घेऊन मादी झाडांवर चढायचे, उन्हाळ्यात मेंदी कापायची, उन्हाळा सरत आला की छपरावर मिरच्या वाळवायच्या आणि मग खजूर उतरवायचा. जमिनीला शेळ्यांचे खत आणि खड्ड्यात कुजवलेल्या झावळ्या, याशिवाय काही दिले नाही. मावा पडला तर पडू द्यायचा. त्याच्यामागून ढालकिडे येतात, मावा खातात आणि हिशेब चुकता करतात. वडील म्हणत, घाई झाली की माणूस विष घालतो.

अनीस किनाऱ्यावरच्या हॉटेलातली नोकरी सोडून परत आला तेव्हा मी गावभर शेवया वाटल्या होत्या. तो म्हणाला, "उम्मी, तू पिकव, मी विकतो. शहरातल्या लोकांना असली बिनविषारी भाजी हवीच असते." त्याने टोपल्यांवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली: मनूबियाच्या बागेतली. मला लाज वाटली आणि बरेही वाटले. पुढच्या वसंतात शेंगांवर मावाच दिसेना. ढालकिडेही दिसेनात. तिजानीच्या हातच्या पोळ्यांतल्या मधमाश्या अंजिराखाली मरून पडल्या. मी म्हटले, वाऱ्याने असेल. मुलावर संशय घ्यायला आईजवळ जागाच नसते.

४. शेजारीण शाद्लिया आणि मी चाळीस वर्षे एकाच पाटाचे पाणी वाटून घेतले, एकमेकींची बाळंतपणे केली. तिची नात सिवार त्या वसंतात सहा वर्षांची. माझ्या बागेतली कोथिंबीर ती उभ्या उभ्या तोडून खायची. एके दिवशी पोर उलट्या करत थरथरायला लागली, तोंडातून लाळ गळू लागली. दवाखान्यातून परत आल्यावर शाद्लिया माझ्या दारात आली. अनीस तिथेच बसून भाकरी मोडत होता.

ती म्हणाली, "मनूबिया, डॉक्टर विचारतायत, फवारलेलं काही खाल्लं का. मी म्हटलं, आमच्याकडे तसलं काही नसतं. तरी विचारते. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हणाले, "माझ्या बापाच्या कबरीची शपथ, या बागेत विषाचा थेंब नाही."

अनीसने मोडलेली भाकरी तेलात बुडवली आणि खाल्ली. हे लिहा, सी लझहर. त्याने ती खाल्ली.

शाद्लियाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दुकानातल्या गोळ्याबिस्किटांना दोष दिला. पोरीला ताकद यावी म्हणून मी स्वतः जवाच्या कण्यांचे सूप करायला घेतले, वर घालायला कोथिंबीर खुडली. अनीस पाहत होता. म्हणाला, "नीट धुऊन घे, उम्मी." मला वाटले, शहरात राहून पोरगा स्वच्छतेचा झाला. सूप मीच शाद्लियाकडे नेले, मीच चमच्याने भरवले.

पोर दुसऱ्यांदा दवाखान्यात गेली. ती वाचली. पण तिचा डावा हात अजून कापतो.

५. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी बहिणीकडच्या लग्नातून जेवण न करताच परतले, मन पोरीपाशी होते. दुपारी बागेत अनीस पाठीला पंप लावून पालकावर फवारत होता. तोंडाला माझी निळी ओढणी बांधली होती.

"तोंड का बांधलंस?" मी विचारले.

"वास येतो."

"किती दिवस चाललंय?"

"उम्मी, असल्या किडक्या भाजीवर पोट भरत नाही. सगळेच मारतात."

"मी शपथ घेतली तेव्हा तू तिथं होतास."

तो म्हणाला, "मी म्हटलं होतं का तुला, शपथ घे म्हणून?"

 

मी तडक शाद्लियाकडे गेले आणि सगळे सांगितले. तिने सिवारचे केस विंचरून पुरे केले. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, हे मला पटतं. पण तुझ्या हातचं आता गळ्याखाली उतरायचं नाही." तेव्हापासून ती पाटाच्या या बाजूला आलेली नाही. आठवडी बाजारात मी उभी राहून ओरडून सांगितले की माझ्या नावाच्या टोपल्या घेऊ नका. अनीस म्हणाला, आईनेच माझ्या तोंडाला काळे फासले, आणि गाव सोडून गेला. माझा भाऊ ताहेर मला म्हणाला, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणलीस? पोरानं जगायचं कसं?" त्या पोरीनं जगायचं कसं, हे त्याने विचारले नाही. म्हणून ताहेरला माझ्याकडून काही नाही. वडिलांची काठीसुद्धा नाही, ती हम्माला.

६. बागेचा वरचा तुकडा, जिथे कालव्याचे पाणी आधी येते, माझी कुदळ, विळा आणि वाळक्या पोकळ भोपळ्यांत राखलेले सर्व बियाणे, हे माझ्या तिसऱ्या हिश्शातून सिवारला देते. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आजीने सांभाळावे. पाणी वरून खाली जाते, खालचे वर येत नाही, म्हणून हाच तुकडा. त्या मातीला मी तीन हिवाळे नुसते खत आणि शेंगा दिल्या आहेत. ढालकिडे परत आले आहेत. मधमाश्या नाहीत. अनीसच्या तुकड्यांचे पाणी सिवारने अडवू नये. त्याने वाईट केले म्हणून त्याची झाडे तहानेने मारायची नाहीत.

शाद्लिया नको म्हणाली तर? सी लझहरनी तिला निरोप दिला होता. तिने कळवले, "जमिनीवर माझा राग नाही." एवढेच. मला तेवढे पुरले नाही, पण मी ते घेतले.

७. पोस्टातल्या शिलकीतून कफन आणि मयताच्या जेवणाचा खर्च व्हावा. उरेल ते सिवारच्या हाताच्या औषधपाण्याला.

८. मला कबरीत मुलाने उतरवावे, अशी रीत आहे, आणि तो हक्क मी अनीसकडून घेत नाही. मात्र जनाजा उचलण्याआधी त्याने जमलेल्या लोकांसमोर उभे राहून म्हणावे, "आईची शपथ खोटी होती, ते तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं." तो हे म्हणाला तर मी त्याला माफ केले, असे आजच लिहून घ्या. नाही म्हणाला तर हम्माने मला उतरवावे आणि अनीसने दूर उभे राहावे. मला तेव्हा ऐकू येणार नाही. शाद्लिया बायकांत उभी असेल, तिला ऐकू गेले की झाले.

वरील सर्व मला वाचून दाखवले. माझेच शब्द आहेत, एकही कमी करू नये.

मनूबिया बिन्त हादी (डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि शेजारी स्वतःच्या हाताने नाव)

साक्षीदार:
हम्मा बिन मसऊद, खजुरीवर चढणारा
मबरूक बिन युनूस, कालव्याचे पाणी वाटणारा

लिहून घेणारे: सी लझहर आणि त्यांचे सहनोटरी

ऐन तुर्फा, खजूर उतरवण्याचे दिवस, १२ नोव्हेंबर २०१९