दोन गाद्यांचा कापूस

मी हलिमाबी, मरहूम बाबालाल पिंजारी यांची थोरली बायको, राहणार निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दाबाखाली न येता हे लिहवून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

घर माझ्या बापाने मला दिलेले, माझे एकटीचे. शरियतीप्रमाणे त्याचे तीनातले दोन हिस्से माझा एकुलता मुलगा दस्तगीर याला जातील; त्यात मला हात घालता येत नाही. तिसरा हिस्सा, म्हणजे रस्त्याकडची खोली, मी सून खातून हिला देते. सून वारस नसते, म्हणूनच तिला देता येते. तिला मूल नाही म्हणून दस्तगीर दुसरी करायला निघाला आहे. केलीच तर खातूनला या खोलीतून कुणी उठवू नये.

दस्तगीर म्हणतो, "अम्मा, दोघींस्नी सारखंच बघीन की."

"तुझा बापबी ह्येच म्हणालता रं."

आणि बापाने तसे केलेही. माझी सवत राबिया घरात आली तेव्हा त्याने दोन गाद्या भरल्या, काट्यावर कापूस तोलून. पाळी कधी चुकवली नाही. तरी माझ्याकडे तो रात्रभर कूस बदलायचा आणि मी मनात राबियाला शिव्या घालायची. तो गेल्यावर इद्दतीचे, म्हणजे विधवेने घरात बसायचे, चार महिने दहा दिवस आम्ही दोघी एका घरात बसलो, तेव्हा मी हे तिला बोलून टाकले. ती रडायलाच लागली. "आक्का, माझ्याकडंबी झोपायचा न्हाय. मला वाटायचं, तुझ्याकडं निवांत झोपतोय."

कुराणात चारपर्यंत मुभा आहे. पण इन्साफ होणार नाही अशी भीती वाटली तर एकच, हेही तिथेच आहे. पुढे त्याच सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, म्हटले आहे की कितीही मनात आणले तरी बायकांमध्ये बरोबरी तुम्हाला साधणार नाही. मौलवीसाहेब समजावतात, पहिली बरोबरी अन्नवस्त्राची, दुसरी मनाची, आणि मनाची कुणी मागत नाही. अलीकडचे काही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, या दोन्ही आयती, ही दोन्ही वचने, जोडून एकच बायको असा अर्थ काढतात, हेही त्यांनी माझ्यापासून लपवले नाही. मी त्या अलीकडच्यांच्या बाजूची. एकीला लटकत ठेवू नका, असेही त्या दुसऱ्या आयतीत आहे. आमच्या घरात तिघेही लटकत होतो.

राबियाने माझा तांब्याचा हंडा एकदा मागितला होता, मी हट्टाने दिला नाही. तो आजच तिच्या हातात दिला.

संकेश्वरचे मेहबूब जमादार यांनी राबियाचे स्थळ आणले. माझ्या जनाज्याला त्यांना येऊ द्यावे, जेवायला थांबवू नये.

शेवटचे. माझ्यामागे माझी आणि राबियाची, दोन्ही गाद्या उसवाव्यात. दस्तगीरने तो कापूस एकत्र करून बापाच्या पिंजणीवर स्वतःच्या हाताने पिंजावा आणि त्याची एकच गादी भरावी, त्याच्यासाठी आणि खातूनसाठी. एवढे करूनही दुसरी आणावीशी वाटली, तर तो जाणे आणि अल्ला जाणे.

निपाणी, ता. १२ फेब्रुवारी १९३६.
हलिमाबी, डाव्या हाताचा अंगठा.

साक्ष, पुरुष एकच मिळाला म्हणून बाया दोन:
मोहिद्दीन बागवान, सही.
बायाक्का, शेजारीण, अंगठा.
राबियाबी, अंगठा. तिने सांगितले तसे लिहिले: "माझी गादी म्या आजच उसवलीया."