त्या सिनेमातली शहाणी बाई

आई, उद्या पितृपक्षातली नवमी आहे, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. तू गेल्यापासून दरवर्षी या दिवशी तुझे पान वाढले जाते, आणि आजवर ते तुझी सून वाढत असे. आता तिचेही वर्षश्राद्ध होऊन गेले. आज सकाळी बाबा ओसरीवर बसल्याबसल्या म्हणाले, "उद्या दोन पानं वाढ. सासू-सून दोघीबी हायत." ते अगदी सहज म्हणाले. सात वर्षे तुम्ही दोघी या एकाच स्वयंपाकघरात वावरलात. तिच्या हातचे तू जेवलीस, परंतु तिच्याबरोबर पंगतीला एकदाही बसली नाहीस. ती वाढून बाहेर गेली की मग तू पाट ओढायचीस. उद्या तुझ्याशेजारी तिचे पान मांडले, तर तू उठून जाणार नाहीस ना, एवढेच मला विचारायचे आहे. आणि ते विचारायचे तर मानवतच्या त्या थिएटरापर्यंत मागे जावे लागते.

तेव्हा ती आपल्या समोरच्या खोलीत भाड्याने राहणारी, कन्याशाळेतली शिक्षिका होती. तू तिला मास्तरीणबाई म्हणायचीस, ती तुला मावशी. माझ्याहून ती अकरा वर्षांनी मोठी होती. धाकट्या भावंडांची लग्ने करून देता देता तिचे स्वतःचे राहून गेले होते. आमचे दोघांचे ठरले होते. तुला सांगण्याचे धैर्य मात्र मला होत नव्हते. अशात माझ्या हायस्कुलातल्या एका सहकाऱ्याने सांगितले की गावात एक सिनेमा लागला आहे, त्यात वयाने मोठ्या बाईवर एका तरुणाचे प्रेम बसते आणि बायका डोळे पुसत बाहेर पडतात. शेवट काय आहे, हे मी विचारले नाही. जे मला बोलता येत नाही ते पडदा बोलेल, तुझे मन मऊ होईल आणि घरी परतताना मी विषय काढीन, अशी माझी योजना होती. दोन पदव्या घेतलेल्या माणसाची योजना.

तू आणि मास्तरीणबाई लाकडी कठड्यापलीकडे, बायकांच्या बाजूला बसला आहात, मी पुरुषांत. नायिका नर्स आहे, कानांजवळचे केस पांढरे झालेली. नायक बाजारातून चालताना तिचा हात धरतो आणि माझ्या मागून कोणीतरी ओरडतो, "ए, मायीला घेऊन कुठं निघालास रे?" पुरुषांची सगळी बाजू हसते. शिट्ट्या पडतात. कठड्यापलीकडे ते स्वच्छ ऐकू गेले असणार. मी खुर्चीचे हात धरून बसून राहतो आणि मनातल्या मनात त्या नर्सला विनवतो की निदान तू तरी खंबीर राहा. शेवटी तो झोपलेला असताना ती त्याच्या अंगावर पांघरूण घालते आणि पहिल्या गाडीने गाव सोडते. दिवे लागले तेव्हा तू रडत होतीस आणि मास्तरीणबाईंचा हात तू तुझ्या हातात घेतला होतास. घरी परतताना विषय काढायचा राहूनच गेला.

जूनमध्ये तिने मला न सांगता राणीसावरगावला बदली मागून घेतली. मी तिकडे निघणार, तोच विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्ह्यात जाळपोळ सुरू झाली आणि एसटी बंद पडल्या. गावोगावच्या वस्त्या जळाल्याच्या बातम्या येत होत्या आणि मी रोज स्टँडवर जाऊन रिकामा परत येत होतो. गाड्या सुरू झाल्यावर पोहोचलो, तेव्हा ती शाळेमागच्या खोलीत स्टोव्हला पंप मारत होती. तिने मान वर केली नाही. "कशाला आलात? तो सिनेमा नीट पाहिला नाहीत का?" तेव्हा मला कळले की दिवे लागल्यावर तू तिला काय म्हणाली होतीस. "लय शहाणी बाई निघाली बघा, मास्तरीणबाई. पोराच्या वाटंतून सरली. समद्यांना न्हाई जमत ते." मी म्हणालो, आईला काही ठाऊक नव्हते. "म्हणून तर," ती म्हणाली. "ठाऊक असतं तर मी भांडले असते हो त्यांच्याशी."

मी तिला परत आणले. परभणीला नोंदणी पद्धतीने लग्न केले. तू एवढेच म्हणालीस, "ती तुझ्याआधी जाईल. मंग रडत माझ्याकडं येऊ नगंस."

आई, मी आलो आहे. दुसरीकडे जाण्यासारखी जागा मला माहीत नाही. बाबांना ऐकू येत नाही, आणि घरात मोठ्याने बोलायची माझी सवय मोडली आहे. तुझ्या शेवटच्या दुखण्यात ती रोज तुझी वेणी घालायची. मी दारातून पाहायचो, तुझे डोळे मिटलेले असायचे. तुला झोप लागायची की तिचे तोंड पाहायचे नसायचे, हे मला आजतागायत उमगलेले नाही. तिला मी एकदा विचारले, तर म्हणाली, "केस फार मऊ आहेत त्यांचे." उद्याचा स्वयंपाक शेजारच्या काकू करून देणार आहेत. पाने मात्र मलाच मांडायची आहेत. थोडी सरक, आई. आणखी काही मागत नाही.

हा कागद तुझ्या पानाखाली ठेवावा असे दुपारपर्यंत मनात होते. आता ठेवणार नाही. तुला अक्षरओळख नव्हती. झरीहून मामांचे पत्र आले की तू ते घेऊन समोरच्या खोलीत जायचीस आणि मास्तरीणबाई ते तुला वाचून दाखवायच्या. तिथेही वाचून दाखवायला तीच असणार. आणि हे तिच्या हाती पडता कामा नये. कारण या वर्षात एका दुपारी, दोघांपुरता भात चुकून टाकल्यावर, तुझे ऐकले असते तर बरे झाले असते, असे माझ्या मनात येऊन गेले. तिने ते वाचले तर ती मला काही बोलणार नाही. स्वतःचे पान उचलील आणि तुझ्या शेजारून मुकाट्याने उठेल.