लॉइडचा राखाडी सूट

प्रिय मार्गो,

तुझे तीन फोन येऊन गेले, मी एकही घेतला नाही. रागावू नकोस. तू विचारतेस, "आई, कशी आहेस?" आणि मी म्हणते, "बरी आहे." तिथेच आपली गाडी अडते. म्हणून लिहायला बसलेय.

तशी बरीच आहे म्हण ना. कामावर जाते, जेवते, अंगणातली पानं गोळा करते. आत मात्र दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर हिरडी बधिर होते तसं झालंय. तुझ्या बाबाच्या, माझ्या लॉइडच्या, अंत्यविधीला माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तेव्हा तू मला दगड म्हणालीस. ते मला लागलंसुद्धा नाही, हीच खरी पंचाईत आहे.

लॉ कॉलेजात सध्या नोकरीच्या मुलाखतींचे दिवस आहेत. आमच्या करिअर ऑफिसबाहेर पोरांची रीघ लागलीय आणि माझी नेहमीची टकळी चालू आहे: हात घट्ट मिळवा, पण समोरच्याचा मोडू नका, आभाराचं पत्र त्याच दिवशी पाठवा, "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की जन्मापासून सुरू करू नका. आमचं ते दान आलेल्या सुटांचं कपाट तुला आठवतंय ना? ज्याच्याकडे सूट नाही त्याने न्यायचा आणि मुलाखत झाली की परत आणायचा. गेल्या आठवड्यात एझ्रा आला. ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, हा ताडमाड उंच. दुसऱ्या दिवशी सरकारी बचाव वकिलांकडे मुलाखत, आणि कपाटातला एकही कोट त्याच्या मनगटापर्यंत पोचेना.

"मॅडम, बाह्या वर सारून बसतो. मेहनती दिसेन."

"गप्प बस. भांडी घासायला आल्यासारखा दिसशील!"

दुपारच्या सुट्टीत मी घरी गेले आणि बाबाचा राखाडी सूट घेऊन आले. बाबाला आपण त्याच्या मासेमारीच्या शर्टात निरोप दिला, म्हणून हा मागे राहिला होता. एझ्राला तो असा बसला की जणू मापानेच शिवलाय. सरावासाठी तो माझ्यासमोर बसला. बाबाचे खांदे आणि वर भलताच चेहरा. मी प्रश्न विचारत राहिले. काही वाटलं नाही.

त्याला नोकरी मिळाली. आभाराचं पत्र त्याच दिवशी आलं, आणि शुक्रवारी सूटही आला, कडक इस्त्रीचा, प्लास्टिकच्या पिशवीत. कपाटाच्या दारावर माझ्याच हातची पाटी आहे: सूट ड्रायक्लीन करूनच परत करावा. पोराने नियम पाळला. मी त्याला शाबासकीही दिली.

मार्गो, तुला कधी बोलले नाही. रोज सकाळी मी त्या कोटाच्या कॉलरला नाक लावायची. पाइपचा तंबाखू, लिंबाचा साबण आणि बाबा. दिवसभरात तेवढंच काय ते आत हलायचं. शुक्रवारी गाडीत बसून पिशवी उघडली, तर नुसता ड्रायक्लीनच्या औषधाचा वास. रडू तेव्हाही आलं नाही.

लिहायचं कारण एवढंच. अंत्यविधीनंतर जाताना तू बाबाचा चौकड्यांचा शर्ट नेलास, तेव्हा मीच म्हटलं होतं, "आधी धुऊन घे." धुतला नसशील, तर धुऊ नकोस. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येताना घेऊन ये. आणि धुतला असशील, तरी ये.

तुझीच,
आई