वेणी जिची, शब्द तिचा

बाई, आज ऑफिसात मी तुमचा नियम लावला आणि साहेबांशी चांगलीच जुंपली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायचं तर तुम्हालाच.

आठवीचा वर्ग आठवतो. सारसोळ्याच्या आम्ही चौघी कोळ्यांच्या पोरी शेवटच्या बाकावर. 'त्रास देणं' एवढ्या एका गोष्टीला इंग्रजीत इतकी क्रियापदं कशाला, म्हणून आम्ही कुरकुरतो. "मराठीत काय कमी आहेत का गं?" म्हणत तुम्ही दोघींना पुढे उभं करता. एकीने दुसरीची वेणी ओढली, हसून सोडली, ते 'टीझ'. सारखा खडूच मागत राहिली, ते 'पेस्टर'. डोक्यावरचा पंखा करकरतो, तो 'इरिटेट' करतो, तिथे माणूसही लागत नाही. आणि नको म्हटल्यावरही रोज मागे लागून जीव नकोसा करणं, ते 'हॅरॅस'. त्याचं नाटक मात्र तुम्ही कधी करू दिलं नाहीत. वर्ग ओरडून शब्द सुचवायचा, पण फळ्यावर लिहायला खडू मिळायचा तो जिची वेणी ओढली तिला. एकदा ओढणारी मी होते. "बाई, मी गंमत केली, टीझच लिहायचं!" म्हणून हटून बसले. तुम्ही केवढ्या डाफरलात, "वेणी तुझी होती का? मग गप्प बस."

आता मी पावण्यातल्या एका कारखान्यात आहे, तक्रार समितीवर. पॅकिंगमधली एक मुलगी आली. सुपरवायझर रोज गोडाऊनपर्यंत तिच्या मागे जातो, नंबर मागतो, वाट अडवतो. तिने मराठीत लिहून दिलं. हेड ऑफिसला इंग्रजीत पाठवावं लागतं, ते काम माझं. मी 'हॅरॅस' लिहिलं, साहेबांनी खोडून 'टीझ' केलं. "अहो मॅडम, मस्करी करतो तो. एवढ्या मोठ्या शब्दाने त्याची नोकरी जाईल."

"साहेब, वाट तुमची अडवली होती का?"

माझा आवाज चढला, चढू दे. त्यांच्यासमोरच मुलीला बोलावलं, दोन्ही शब्दांचा अर्थ सांगितला आणि विचारलं, यातलं काय झालं?

"मॅडम, चिडवलं असतं तर मी पन दोन शिव्या हासडल्या असत्या. आता तर मी डबा खायला पन बाहेर जात नाय."

मी पेन तिच्या हातात दिलं. तिने एकेक अक्षर मला विचारत 'हॅरॅस' लिहिलं. साहेब म्हणाले, "बघा हां, जड जाईल तुम्हाला." जाऊ दे. सोमवारी चौकशी आहे. कागद तसाच जाणार, खाली माझीही सही आहे. मी मागे हटणार नाही.

हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. नववीत मी जेट्टीकडच्या वाटेने शाळेत यायचं बंद केलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कोणी काही करतं का गं?" मी म्हणाले, "काही नाही बाई, मुलं चिडवतात." तुम्ही मात्र पुढे महिनाभर शाळा सुटल्यावर माझ्यासोबत आमच्या गल्लीपर्यंत चालत आलात.

मुलं नव्हती, बाई. एकच माणूस होता, माझ्या बापाच्या वयाचा. वेणी माझी होती, आणि शब्द मी खोटा सांगितला.